‘निसर्गाशी सुसंवाद’ : छांगदॉकगुंग राजवाड्याच्या एका प्रचलित वर्णनाची चिकित्सा

कोरियाची राजधानी सोल येथील छांगदॉकगुंग ह्या राजवाड्याविषयी जे काही लिहिले जाते त्यात एक विधान हमखास आढळते. हा राजवाडा निसर्गाशी सुसंवाद साधून उभा आहे, हे ते विधान होय. १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत ह्या वास्तूचा समावेश झाला तोही मुख्यतः ह्याच गुणासाठी. इमारती भूमीच्या चढउतारास अनुसरून बांधल्या आहेत आणि मूळची वृक्षराजी राखली आहे, असा अभिप्राय त्या वेळी नोंदविण्यात आला. मार्गदर्शक पुस्तिका, प्रवासवर्णने, कलेतिहासाची पुस्तके ह्या सर्वांतून तोच अभिप्राय थोड्याफार शब्दभेदाने फिरत असतो.

एखादे विधान इतक्या एकमताने केले जाऊ लागले म्हणजे त्याची तपासणी करणे अगत्याचे ठरते. ते खोटे आहे असे मला म्हणावयाचे नाही. ते कोणाचे आहे, केव्हापासूनचे आहे आणि त्याच्या आड काय दडते, एवढेच येथे पाहावयाचे आहे. प्रस्तुत लेखक स्थापत्याचा अभ्यासक नव्हे, भाषेचा आहे. परंतु ह्या राजवाड्याच्या दारांवर, मंडपांवर आणि क्वचित खडकांवरही अक्षरे आहेत. आणि जेथे अक्षरे आहेत तेथे भाषेच्या अभ्यासकाने पाऊल टाकल्यास तो अतिक्रम ठरू नये. (कोरियन नावे येथे उच्चारास शक्य तितकी जवळ ठेवून देवनागरीत दिली आहेत.)

प्रथम थोडा इतिहास. जोसॉन घराण्याने १३९२ साली राज्य स्थापन केले आणि १३९५ साली नव्या राजधानीत ग्यॉंगबोकगुंग हा मुख्य राजवाडा उभा राहिला. त्याची रचना शास्त्रशुद्ध : दक्षिणोत्तर एक सरळ अक्ष, त्यावर एकामागून एक दारे आणि सभागृहे. त्यांना नावे दिली ती जॉंग दोजॉन ह्या विद्वान मंत्र्याने. तीनच वर्षांनी, १३९८ साली, राजपुत्रांतील कलहात राजाच्या पाचव्या मुलाने आपल्या सावत्र भावांना आणि खुद्द जॉंग दोजॉनलाही ठार केले. दरबार काही काळ जुन्या राजधानीस परत गेला. हाच पाचवा मुलगा १४०० साली थेजोंग ह्या नावाने गादीवर आला, आणि १४०५ साली राजधानी पुन्हा सोलला आणताना त्याने रक्त सांडलेल्या त्या राजवाड्याच्या पूर्वेस एक दुय्यम राजवाडा बांधविला. तो छांगदॉकगुंग. नावाचा अर्थ ‘सद्गुणाचा उत्कर्ष करणारा राजवाडा’. ज्या पुरुषाने ते नाव मान्य केले त्याचे पूर्वचरित्र ध्यानात घेता ह्या नावात वर्णन कमी आणि समर्थन अधिक आहे, हे सांगावयास नको.

आता रचनेकडे वळू. दोनह्वामुन हे महाद्वार राजवाड्याच्या मध्यभागी नाही. ते नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आहे. आत शिरल्यावर समोर सिंहासनगृह दिसत नाही. उजवीकडे वळून १४११ सालचा दगडी पूल ओलांडावा लागतो, मग डावीकडे वळावे लागते, आणि तेव्हा कोठे इंजॉंगमुन हे दार व त्यामागील इंजॉंगजॉन हे सिंहासनगृह सामोरे येते. ह्या दोन वळणांवर रसिकांनी पुष्कळ लिहिले आहे. ग्यॉंगबोकगुंगाचा अक्ष म्हणजे मनुष्याची आज्ञा, छांगदॉकगुंगाची वळणे म्हणजे भूमीशी केलेला संवाद, असा त्या लिखाणाचा आशय असतो. परंतु महाद्वार कोपऱ्यात का आहे? दक्षिणेस, जेथे ते शास्त्राप्रमाणे असावयास हवे होते तेथे, जोंगम्यो आहे. जोंगम्यो म्हणजे राजघराण्याच्या पूर्वजांच्या स्मृतिपट्टांचे मंदिर. तेही १३९५ सालचेच. त्याची जागा आणि त्याच्या मागून उतरणारी टेकडीची सोंड ह्यांना हात लावणे कोणाही राजाला शक्य नव्हते. भूमीला अनुसरून वळलेली म्हणून जी वाट वाखाणली जाते ती वस्तुतः पितरांना वळसा घालून जाते. टेकडीविषयीचा आदर होता हे खरेच. परंतु तो फुंगसू नामक शास्त्राचा होता. त्या शब्दाचा अक्षरार्थ ‘वारा आणि पाणी’ असला तरी त्याचा विषय वंशाचे कल्याण हा होय. टेकडी तोडावयाची नाही, कारण तिच्यातून घराण्याचे बल वाहते असे मानले जाई.

ह्याहून बोलका पुरावा १४१९ सालचा आहे. त्या वेळी थेजोंग गादी सोडून ज्येष्ठ राजा म्हणून राहत होता आणि त्याचा मुलगा सेजोंग राज्य करीत होता. इंजॉंगमुनच्या बाहेरील अंगण चौरस नव्हते. सभोवार ओवऱ्या बांधून त्यास निदान नीटस आकार द्यावा, असे थेजोंगने बांधकामाच्या अधिकाऱ्यास फर्माविले. तो अधिकारी म्हणजे बाक जाछॉंग. ग्यॉंगबोकगुंगातील ग्यॉंगह्वेरू हा तळ्यातला भव्य मंडप १४१२ साली ज्याने उभारला तोच. खांब उभे राहिले, तुळया चढल्या, आणि सिंहासनगृहातून खाली पाहता असे दिसले की अंगण तिरकेच आहे. नीट मोजमाप केले नाही असा ठपका ठेवून थेजोंगने ते बांधकाम पाडविले आणि बाक जाछॉंगला तुरुंगात टाकले. घराण्याच्या इतिवृत्तात ही हकीकत नोंदलेली आहे.

आज दिसणारे ते अंगणही समलंब चौकोनाच्याच आकाराचे आहे, आणि भूमीला न दुखविता केलेल्या रचनेचा उत्कृष्ट नमुना म्हणून ते दाखविले जाते. ज्या तिरकेपणाकरिता एका मनुष्याने तुरुंग पाहिला तोच तिरकेपणा सहा शतकांनी सौंदर्यलक्षण ठरला आहे. अर्थात बांधणाऱ्याचा हेतू हाच कलाकृतीचा एकमेव अर्थ नव्हे, हे साहित्याच्या अभ्यासकास सांगण्याची गरज नाही. नंतरच्या पिढ्यांना त्या अंगणात जे दिसले ते पाहण्याचा त्यांचा अधिकार आहे. मात्र ‘कोरियन मनुष्याने येथे निसर्गापुढे आपली भूमिती नम्र केली’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा ते रसग्रहण राहत नाही, तो इतिहासाविषयीचा दावा होतो. आणि इतिहास त्यास दुजोरा देत नाही. थेजोंगला भूमिती हवी होती. ती त्याला मिळाली नाही.

मग ही दृष्टी आली कोठून? माझ्या मते तिचा बराचसा भाग विसाव्या शतकातील आहे, आणि तो पारतंत्र्याच्या काळात घडला. १९१० साली जपानने कोरिया आपल्या साम्राज्यास जोडला. यानागी मुनेयोशी (१८८९–१९६१) ह्या जपानी कलाचिंतकाने कोरियन कलेवर मनापासून प्रेम केले. ग्यॉंगबोकगुंगाचे महाद्वार पाडू नये म्हणून १९२२ साली त्याने उघड लेखही लिहिला. परंतु त्या कलेचे सौंदर्य त्याने दुःखात, निष्कपटपणात आणि नकळत घडण्यात शोधले. को यूसॉप (१९०५–१९४४) हा कोरियन कलेतिहासाचा आद्य अभ्यासक. त्याने ‘कौशल्यावाचूनचे कौशल्य’ आणि ‘योजनेवाचूनची योजना’ अशा विरोधाभासी संज्ञांनी आपल्या कलेचे लक्षण बांधावयाचा प्रयत्न केला. को यूसॉपची भूमिका यानागीच्या भूमिकेहून पुष्कळच सूक्ष्म आहे, आणि पराधीन देशातील एका तरुण अभ्यासकाने आपल्या परंपरेसाठी स्वतंत्र परिभाषा घडवावी ह्यातील धैर्य कमी लेखता येणार नाही. तरीही त्या संज्ञा पुढे ज्या सैलपणाने वापरल्या गेल्या त्याचा परिणाम असा झाला की कोरियन कारागीर काही योजतच नाही, ते त्याच्या हातून घडून जाते, असा समज रूढ झाला. ‘निसर्गाशी सुसंवाद’ हे त्या समजाचेच सौम्य रूप होय. बाक जाछॉंगने योजना केली होती, मोजमाप चुकविले होते आणि त्याबद्दल शिक्षाही भोगली होती. ‘योजनेवाचूनच्या योजने’त त्याला जागा नाही.

राजवाडा स्वतःविषयी काय म्हणतो ते आता पाहू. त्याची नावे चिनी अक्षरांत आहेत आणि त्यांचा शब्दसंग्रह अभ्यासण्याजोगा आहे. दोनह्वामुन हे नाव ‘मध्यमाचार’ ह्या कन्फ्यूशियन ग्रंथातील, महान सद्गुण सर्वांचे सखोल परिवर्तन घडवितो ह्या अर्थाच्या शब्दांवरून घेतले आहे. इंजॉंगजॉन म्हणजे ‘दयाशील राज्यकारभाराचे गृह’. सॉनजॉंगजॉन म्हणजे ‘राज्यकारभार प्रसृत करण्याचे गृह’. हे झाले कचेरीच्या भागाचे. परंतु ज्यासाठी राजवाडा विशेष प्रसिद्ध आहे त्या मागील उद्यानात गेल्यावरही भाषा फारशी बदलत नाही. बुयोंगजी, म्हणजे कमळतळे, चौकोनी आहे आणि त्यातील बेट वाटोळे, कारण पृथ्वी चौकोनी आणि आकाश वर्तुळाकार मानलेले आहे. तळ्याच्या वरच्या अंगास १७७६ साली राजा जॉंगजो ह्याने बांधलेली जुहाम्नू ही दुमजली इमारत आहे. खालच्या मजल्यावर त्याचे ग्यूजांगगाक हे राजग्रंथालय होते. तेथे जाण्याच्या दाराचे नाव ऑसुमुन, म्हणजे ‘मत्स्य-जल द्वार’. मधले मोठे दार राजाचे, बाजूची दोन ठेंगणी दारे इतरांची.

ह्या दारापाशी क्षणभर थांबण्यासारखे आहे. राजा हा पाणी आणि अमात्य हे मासे, पाण्यावाचून मासा जगत नाही, असा अर्थ आज सर्वत्र सांगितला जातो. मूळ दृष्टान्त चीनच्या इतिहासातील ल्यू बेइ ह्या राजाचा आहे, आणि तो नेमका उलट आहे : झूगे ल्यांग हा अमात्य लाभल्यावर आपली स्थिती पाणी मिळालेल्या माशासारखी झाली, असे राजा म्हणतो. तेथे मासा राजा आहे. दृष्टान्त तोच राहून त्यातील भूमिका केव्हा आणि कशा पालटल्या, हा अर्थविचाराच्या दृष्टीने मनोरंजक प्रश्न होय. आपल्या प्रस्तुत विषयापुरते एवढे पुरे की मासा आणि पाणी ही येथे निसर्गातील वस्तू म्हणून आलेली नाहीत. ती राजनीतीच्या वाक्यातील पदे आहेत.

हीच गोष्ट चंद्राविषयी. उद्यानातील जोनदॉकजॉंग ह्या मंडपात जॉंगजोने १७९८ साली लिहिलेला एक लेख टांगलेला आहे. त्यात तो स्वतःस दहा सहस्र ओढ्यांत प्रतिबिंबित होणाऱ्या चंद्राचा स्वामी म्हणवितो : ओढे म्हणजे प्रजाजन, चंद्र म्हणजे राजा. आपल्याकडील वेदान्ताच्या वाचकास जलचंद्राचा दृष्टान्त परिचित आहेच. पूर्व आशियात तो बौद्धांच्या हातून रुजला. सेजोंगने कोरियन लिपी १४४३ साली सिद्ध करून १४४६ साली प्रसिद्ध केली, आणि त्या लिपीतील आरंभीच्या काव्यांपैकी एकाचे नाव सहस्र नद्यांवर उमटलेल्या चंद्रावरूनच आहे. तेथे चंद्र म्हणजे बुद्ध. साडेतीनशे वर्षांनी त्याच घराण्यातील राजा बुद्धाच्या जागी स्वतःस बसवितो. मंडपात उभे राहून तळ्यातील चंद्रबिंब पाहणाऱ्या दरबाऱ्यास ते बिंब काय सांगत असेल, ह्याविषयी संदेहास जागा नाही.

झाडांचेही तसेच आहे. महाद्वाराजवळचे जुने कोरियन ‘ह्वेह्वा’ वृक्ष तेथे सहज उगवलेले नाहीत. प्राचीन चीनच्या आचारग्रंथात, राजसभेबाहेर ह्या जातीचे तीन वृक्ष असावेत व त्यांखाली तीन श्रेष्ठ अमात्यांनी स्थान घ्यावे, असा संकेत आहे; ह्या लागवडीमागे तो आहे. तुतीचे झाड राणीच्या रेशीमविधीची आठवण देते. उद्यानाच्या उत्तर टोकास ओंगन्युछॉन ह्या ओहोळावर १६३६ साली राजा इंजोने खडकात एक वाकडा पाट खोदविला. त्यात मद्याचे पेले सोडावयाचे आणि पेला पोचण्यापूर्वी कविता रचावयाची, असा तो खेळ. त्याच खडकावर इंजोच्या हस्ताक्षरातील ओहोळाचे नाव कोरलेले आहे आणि वर सुकजोंग राजाची कविता. ओहोळ वाहतो तो त्याला आखून दिलेल्या वळणाने, आणि खडकावर आपले नाव वागवीत.

तेथून जवळच छॉंगिजॉंग हा गवताने शाकारलेला लहानसा मंडप आहे. राजवाड्यातील गवती छपराचा मंडप तो एवढाच. त्याच्याभोवती भाताचे एक वाफ्याएवढे शेत. राजाने तेथे भात लावावे आणि त्याच भाताच्या पेंढ्याने छप्पर शाकारावे अशी योजना. मला हा मंडप सबंध उद्यानात सर्वांत विचारप्रवर्तक वाटतो. त्याचा चौथरा चौकोनी, वरची चौकट अष्टकोनी, छप्पर वाटोळे. म्हणजे एवढ्याशा झोपडीतही पृथ्वीपासून आकाशापर्यंतची भूमिती राखलेली आहे. आणि भात? भात हा निसर्ग नव्हे. ते जोसॉन राज्यातील कोट्यवधी दिवसांच्या शेतमजुरीचे एका वाफ्यात मावणारे चित्र आहे, आणि ते राजाच्या उद्यानात ठेवल्यामुळे राजाला शेतकऱ्याचे कष्ट माहीत आहेत असे म्हणण्याची सोय होते. त्यात ढोंग होते असे मी म्हणत नाही. काही राजांनी तो वाफा गांभीर्यानेच घेतला असेल. यॉनग्यॉंगदांग ह्या १८२८ सालच्या वाड्यातही, जो सरदाराच्या घराच्या धर्तीवर रंगरंगोटीवाचून बांधला आहे, राजा प्रजेच्या घराचे रूप धारण करतो. पण हे सारे राजाने केलेले राजधर्माचे चिंतन आहे. त्याला वनश्रीचे कौतुक म्हणणे म्हणजे वाक्याचे क्रियापद गाळून केवळ नामे वाचणे होय.

येथे शब्दाचा प्रश्न येतो. आज कोरियन भाषेत निसर्गास ‘जायॉन’ म्हणतात. त्यातील दोन अक्षरांचा अर्थ ‘स्वतः’ आणि ‘तसे’. मराठीत ‘आपसूक’ हा शब्द त्यास सर्वांत जवळचा. डोंगर, नद्या, झाडे ह्यांच्या समुच्चयाचे नाम म्हणून तो शब्द रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, युरोपीय संज्ञेच्या जपानी भाषान्तरातून. आपल्या ‘निसर्ग’ शब्दाची कथा फार निराळी नाही. संस्कृतात त्याचे अर्थ सोडणे, देणे, उत्पत्ती आणि जन्मसिद्ध स्वभाव असे आहेत. बाह्य सृष्टीचे सौंदर्य हा अर्थ मराठीत इंग्रजीच्या सहवासाने बळावला. शब्द नव्हता म्हणून कल्पनाही नव्हती, असे अनुमान मी काढीत नाही. ते अनुमान भाषाशास्त्राने केव्हाच त्याज्य ठरविले आहे. जोसॉनकालीन लेखकांपाशी ‘सानसू’, म्हणजे डोंगर-पाणी, असा शब्द होता आणि डोंगर-पाण्यावर त्यांनी उत्कट प्रेम केले. परंतु एका बाजूस मनुष्य, दुसऱ्या बाजूस निसर्ग आणि मध्ये सुसंवाद, ही जी वाक्यरचना आहे तिच्यात दोन्ही पक्ष आधी वेगळे झालेले असावे लागतात. १४०५ साली ते तसे वेगळे नव्हते. आकाश, पृथ्वी, राजा, अमात्य, मासा, वृक्ष हे एकाच व्यवस्थेचे घटक होते.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. कौतुकाच्या शब्दाने कोणाचे काय बिघडते? छांगदॉकगुंगाच्या शेजारच्या राजवाड्याचे काय झाले ते पाहिले म्हणजे ह्या प्रश्नाचे उत्तर मिळते. त्याचे नाव छांगग्यॉंगगुंग. दोन्ही मिळून ‘पूर्वेकडील राजवाडा’ म्हणून ओळखले जात. १९०९ साली जपानी वर्चस्वाखाली तेथे प्राणिसंग्रहालय आणि वनस्पतिउद्यान उघडण्यात आले. कित्येक इमारती गेल्या, चेरीची झाडे आली. १९११ साली नाव पालटून छांगग्यॉंगवॉन करण्यात आले. बदल एका अक्षराचा : ‘गुंग’ म्हणजे राजवाडा, ‘वॉन’ म्हणजे उद्यान. लोक फुले पाहावयास येऊ लागले. राज्य नाहीसे करण्याची ही रीत तोफांपेक्षा सौम्य होती आणि टिकाऊही. स्वातंत्र्यानंतरही ते नाव आणि ते प्राणिसंग्रहालय राहिले, आणि ‘गुंग’ हे अक्षर परत आले ते १९८३ साली. छांगदॉकगुंगाच्या मागील उद्यानासही ह्याच काळात ‘बिवॉन’, म्हणजे गुप्त उद्यान, हे नाव रूढ झाले. इतिवृत्तात त्याला बहुधा ‘हुवॉन’, म्हणजे मागील उद्यान, म्हटलेले आहे. कधी ‘गुमवॉन’, म्हणजे निषिद्ध उद्यान. ‘निषिद्ध’ ह्या शब्दात निषेध करणारी सत्ता दिसते. ‘गुप्त’ ह्या शब्दात नुसती मौज उरते.

मी असे म्हणत नाही की ‘निसर्गाशी सुसंवाद’ म्हणणारा प्रत्येक जण नकळत साम्राज्यवाद्यांचे काम करतो. परंतु राजवाडा हा मुळात बगीचा आहे असे मानण्याची सवय ह्या वास्तूच्या बाबतीत एकदा महाग पडलेली आहे, हे त्याने विसरू नये. २२ ऑगस्ट १९१० रोजी देशाच्या विलीनीकरणाचा निर्णय ज्या शेवटच्या राजसभेत झाला ती ह्याच राजवाड्याच्या अंतर्भागात, हुंगबोकहॉन ह्या दालनात भरली होती.

उलट बाजूने एक आक्षेप संभवतो. हेतू काहीही असो, डोळ्यांना जे दिसते ते सुसंवादीच नाही काय? ह्यास माझे उत्तर इमारतींच्या साक्षीने द्यावयाचे आहे. १९१७ साली आगीत राणीचा महाल देजोजॉन आणि राजाचे ह्वीजॉंगदांग ही दोन्ही जळाली. १९२० साली ती पुन्हा उभारली गेली ती ग्यॉंगबोकगुंगातील गांगन्यॉंगजॉन आणि ग्योथेजॉन ही गृहे उकलून आणलेल्या लाकडांनी. ह्वीजॉंगदांगापुढे मोटार उभी राहावी म्हणून पुढे काढलेला द्वारमंडपही आहे. म्हणजे जी लाकडे काटेकोर अक्षावरील राजवाड्यात ‘मनुष्याची आज्ञा’ म्हणून उभी होती तीच येथे ‘भूमीशी संवाद’ करू लागली, आणि वाचणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही. डोळ्यांना जे दिसते त्यातील कितीतरी भाग कानांनी आधीच ऐकलेला असतो.

ह्या राजवाड्याचे खरे वैभव मला ‘दोंगग्वॉलदो’ ह्या चित्रात अधिक स्पष्ट दिसते. १८२६ ते १८३० च्या सुमारास काढलेल्या ह्या सोळा भागांच्या प्रचंड चित्रात दोन्ही राजवाडे, टेकड्या, झाडे, विहिरी, ओवऱ्या सर्व काही वरून तिरक्या दृष्टीने रेखाटले आहे. चित्रकारांनी झाड आणि छप्पर ह्यांत श्रेष्ठकनिष्ठ केलेले नाही; आणि इमारतींवर त्यांनी त्यांची नावे लिहून ठेवली आहेत. जीर्णोद्धार करणारे ह्याच चित्राकडे वळतात, आणि अर्थात त्या नावांकडेही.

१९३२ साली जपानी प्रशासनाने ह्या राजवाड्यांचा परिसर आणि जोंगम्यो ह्यांच्या मधून रस्ता काढून टेकडीची ती सोंड तोडली. २०२२ साली रस्ता भुयारात घेण्यात आला, वर माती भरून झाडे लावली आणि दोहोंमधील जुनी भिंत पुन्हा बांधली. थेजोंगने न तोडलेली, नव्वद वर्षे तुटलेली आणि आता यंत्रांनी घडविलेली ही टेकडी पुढील पिढीच्या पुस्तकांत कोणत्या शब्दाने वर्णिली जाते, हे पाहण्यासारखे आहे.